आईच्या दगडावरचा सुताचा व्यापारी

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि माझ्या आईच्या कबरीवरच्या दगडाजवळ इतके वाकले, की आता हे नाक घासणार असं मला वाटलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या मातोश्री सुताचा व्यापार करत होत्या का?"

"सुताचा? माझ्या आईने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नाही. नजरच नव्हती तिला."

"आणि गेल्या तेव्हा वय बावीस?"

"बावीस? मीच तेव्हा चाळिशीला टेकले होते."

मास्तरांनी रुमालाने कपाळ टिपलं. सभ्य माणूस. वाईट बातमी आधी स्वतःच्या घशाखाली उतरवायची आणि मग दुसऱ्याला द्यायची, अशी त्यांची पद्धत. "शेवटचं विचारतो, रागावू नका. इथे लिहिलंय की हा गुणी तरुण लग्नाआधीच देवाघरी गेला."

सूनबाई फिस्सकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. माझी लेक दगडाकडे अशी बघत राहिली, जशा काही तिच्या आजीला मिश्या फुटल्यात. थोरला, माझा मुलगा, माझे हे गेल्यापासून त्यांचा दगडाचा कारखाना बघणारा, पाठीशी हात बांधून आभाळ न्याहाळायला लागला. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती माझ्या लेकीची लेक, हातातली फाइल छातीशी धरून उभी. तिला घरात सगळे दातवाली म्हणतात. कवळ्या बनवते. माझ्या तोंडात आहे तीसुद्धा तिच्याच हातची, म्हणजे मी जे बोलते त्याचं निम्मं पाप तिच्याकडे जातं.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

"तीनदा वाचलं, आजी."

"मग चौथ्यांदा वाचा. घाई काय आहे?"

"घाई आहे," मास्तर म्हणाले. "आज शुक्रवार. संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले की मी कागदाला हात लावत नाही, आणि उद्या शब्बाथ संपला की लगेच माझी गाडी. फाइल आजच बंद होणार."

आम्ही ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. पूर्वज आपला देश कधी सोडून निघाले, कुठे कुठे भटकले आणि इथे येऊन कसे टेकले, ते सांगत बसले तर रात्र होईल. प्रार्थनेला उभं राहताना तोंड त्या दिशेला करायचं, एवढं नातं आम्ही राखलं. तोंड तिकडे आणि पाय इकडे. दातवालीला आता पायही तिकडे न्यायचे होते. तिकडच्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरली होती, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. अडलं होतं एवढ्यावरच की तो देश विचारत होता, तू आमची कशावरून? जावई आमच्यातला नाही, म्हणून पुरावा आईच्या बाजूने द्यायचा. तिची आई, मग मी, मग माझी आई. सिनेगॉगमधल्या, आमच्या प्रार्थनाघरातल्या, जन्म-लग्नांच्या जुन्या वहीचा छप्पर गळून लगदा झालेला. आमचे सगळ्यांचे लग्नाचे कागदही त्याच कपाटात जपून ठेवलेले, म्हणजे जपून भिजलेले. उरला होता आईचा दगड. कागद तपासणारे हे मास्तर वर्षातून एकदाच येतात. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, चला, कबरस्तानात माझ्या आईच्या दगडासारखा दुसरा दगड नाही.

तेवढ्यात दातवालीची हाक आली. ती कधी मागच्या रांगेत गेली कुणाला कळलं नव्हतं. "मास्तर, जरा इकडे या. मामा, तूसुद्धा ये."

तिथे हुबेहूब तसाच दगड होता. तीच वरची महिरप, त्याच सात ओळी. फक्त आईच्यापेक्षा खूप जुना, एका बाजूला कललेला.

मास्तर एकदा या दगडाशी, एकदा त्या दगडाशी, असे चार खेटे घालून आले. "एकच माणूस दोन ठिकाणी पुरलाय," ते म्हणाले. "हा मूळचा. पाचव्या ओळीत बघा, दगडाचा टवका उडालाय. आता पुढे तुमच्या आईच्या दगडावर पाचवी ओळ बघा. तिथे तो टवका कोरलाय."

थोरला गुडघ्यावर बसला. बोटाने आधी तो टवका चाचपला, मग पळत जाऊन आईच्या दगडावरचा. आणि माझ्या त्या बावळटाच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल? अभिमान! "आई, बाबांनी कोरलाय बघ. फुटलेला नाही, छिन्नीने काढलाय. काठ बघ काय उतरवलाय! काय हात होता!"

"हात होता," मी म्हटलं. "डोकं कुठे ठेवलं होतं ते विचारायला आता ते नाहीत."

पण मला आता कळलं होतं. कारखान्याची रीत अशी, की हिब्रू मजकूर सिनेगॉगमधले एक काका कागदावर लिहून द्यायचे आणि हे त्यावरून दगड कोरायचे. ह्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मलाही नाही, मला आपलीच अक्षरं जेमतेम येतात, चौथीतच शाळा सुटली. आईचं वर्ष भरत आलं, दगड बसवायची तारीख ठरली, आणि काका अंथरुणाला खिळले. मी रोज सकाळी चहाबरोबर ह्यांच्यासमोर एकच प्रश्न ठेवायची, दगड कधी? तेव्हा ह्यांनी गुपचूप कबरस्तानात जाऊन सगळ्यात देखण्या दगडाला कागद लावला, वरून कोळसा घासला, छाप घेतली आणि बरहुकूम कोरून टाकली. बायकोची एवढी धास्ती की टवकासुद्धा सोडायची हिंमत झाली नाही.

आणि बाकीच्यांच्या दगडांवर खाली आपल्या लिपीत नाव असतं. तसं एक ओळ नाव असतं तरी निभावलं असतं. पण ती ओळ मीच नको म्हटली होती. माझ्या आईच्या डोक्याशी पूर्वजांची अक्षरं आणि त्यांच्याच शेजारी वाण्याच्या पाटीसारखं खरडलेलं? छे! वाचता नाही आलं तरी चालेल, बघणारा गप्प झाला पाहिजे.

झाले की आज सगळे गप्प.

"मला बाईचं नाव हवं," मास्तर जाताना म्हणाले. "दगडावर, कागदावर, कुठेही. दिवे लागायच्या आत. मी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत आहे."

*

आमचं घर कारखान्याच्या वरच आहे. खाली दगड कापतात आणि वर आम्ही एकमेकांना. त्या दुपारी दातवाली फाइल टेबलावर ठेवून खाली गेली. तिथे काय झालं ते मला थोरल्याने रात्री सांगितलं, आणि त्याने जे सांगितलं नाही ते मला न सांगताही कळतं. माझ्या पोटचा आहे.

महिनाभर या गड्याने पोरीच्या जाण्याला आडकाठी घातली होती. तिकडे उन्हाळा कडक, तिकडची भाषा उलटी, तिकडे दात कुणाचे पडतच नसतील तर? खरी गोष्ट अशी, की त्याला स्वतःचं मूलबाळ नाही. ही पोर चार वर्षांची असल्यापासून त्याच्या पॉलिशच्या यंत्राशेजारी बसून संगमरवराच्या चुऱ्यात बोटं घालायची. कवळ्यांचा नाद तिला तिथेच लागला. पांढरं, गुळगुळीत, मापात बसणारं. आज सकाळी दगड खोटा निघाला तेव्हा थोरल्याला आधी आत कुठेतरी बरंच वाटलं. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"किती वाजलेत?" त्याने विचारलं.

"अडीच."

"नवा कोरतो. संध्याकाळपर्यंत नाव आणि दोन ओळी होतील. चहाचं पाणी आणि काजळी लावली की पस्तीस वर्षांचा दिसेल. मास्तरांना म्हणायचं, हा जुना दगड गोदामात सापडला."

ती हसली म्हणे. "मामा, महिनाभर तू मला जाऊ नको म्हणतोयस."

"अजूनही म्हणतोच आहे. जाऊ नकोस. पण जायचंच नाही म्हणून राहा. अडली म्हणून राहू नकोस."

"आणि तिकडे गेल्यावर रोज सकाळी आरशात बघून काय म्हणू? मी यांचीच, चहाच्या पाण्याची?"

त्याने छिन्नी उचलली होती, ती खाली ठेवली. ठेवताना आवाज केला नाही, असं तो म्हणतो. मी वरून ऐकला.

*

वर स्वयंपाकघरात दुसरंच शिजत होतं.

माझी सून आणि माझी लेक गेली वीस वर्षं एकमेकींशी चढाओढीने गोड बोलतात, म्हणजे पटत नाही. या महिन्यात तर दोन तट पडले होते. लेक रडत होती की पोरीला पाठवायचं नाही आणि सूनबाई म्हणत होती, जाऊ द्या हो वन्सं, जग बघेल. सूनबाईला जगाचं एवढं पडलेलं नव्हतं, दातवालीची कोपऱ्यातली उजेडाची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती, हे मी ओळखून होते. पण आज मी दारात उभी राहिले तर दोघी एकाच स्टुलावर अर्ध्याअर्ध्या टेकलेल्या, आणि लेकीच्या हातात फोन.

"तुम्ही सांगा," सूनबाई कुजबुजली.

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही सून आहात, तुम्हाला बोलणी खायची सवय आहे."

"कुणालाही सवय नको," मी म्हटलं. "काय आहे?"

लेकीने फोन पोटाशी धरला. "आई, मावशीकडे कागद आहे."

कुठली मावशी ते विचारायची गरज नव्हती. तिला एकच आहे. माझी धाकटी बहीण चौतीस वर्षांपूर्वी पूर्वजांच्या देशात निघून गेली. त्या दिवसापासून या घरात तिचं नाव निघालं नाही, म्हणजे मी निघू दिलं नाही.

"कसला कागद?"

"आजी-आजोबांच्या लग्नाचा. तुझ्या तोंडून एकदा निसटलं होतं ना, आईचा कागद पळवला तिने. तो तिने जपून ठेवलाय. त्यावर आजीचं नाव आहे, तिच्या आईबापांचं आहे, सही आहे, साक्षीदार आहेत."

"तुला काय माहीत?"

लेकीने सुनेकडे पाहिलं. सुनेने गॅसकडे पाहिलं. गॅस बंद होता.

"आम्ही बोलतो मावशीशी," लेक म्हणाली. "मी बोलते. वहिनी बोलतात."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"आणि थोरला?"

"दादा फक्त नव्या वर्षाला. आणि तुला बरं नव्हतं तेव्हा रोज."

बघा! मी एक वैर पाळलं. एकटीने, कुणाची मदत न घेता, चौतीस वर्षं. आणि माझ्या नाकाखाली माझी पोरं त्याला भोकं पाडत होती. "मग मागा की तो कागद," मी म्हटलं. "एवढा घरोबा आहे तर!"

"मागितला. मघाशीच फोन केला होता."

"मग?"

उत्तर सूनबाईनेच दिलं. माझ्या सुनेत एक गुण आहे, दुसऱ्याचा निरोप ती शब्द न गाळता देते, विशेषतः झोंबणारा असेल तर. "मावशी म्हणाल्या, कागद तुमचाच आहे, फोटो काढून एका मिनिटात पाठवते. फक्त ताईने स्वतः मागावा. दुसऱ्या कुणी नाही. आणि मागताना दगड कुणाचा ते सांगावं."

"अस्सं."

"हो. वर म्हणाल्या, घाई नाही, मी चौतीस वर्षं बसलेय."

*

दगड बसवला त्या दिवसाची गोष्ट सांगते. आजवर मी ती वेगळी सांगत आले.

सगळे जमले होते. दगडावरचं कापड काढलं, लोकांच्या तोंडून "वा" निघालं, हे एका बाजूला नवे कपडे घालून अंग चोरून उभे. धाकटी तेव्हा तिकडे जायच्या तयारीत होती, संध्याकाळी हिब्रूच्या वर्गाला जायची. ती दगडाजवळ गेली, ओठ हलवत वाचायला लागली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, हा दगड आईचा नाही."

हळू म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल असं. मीच मोठ्याने बोलले. "तुला माझ्या नवऱ्याच्या हातचं चांगलं बघवत नाही ना?" असं चारचौघांत म्हटलं. ती पुन्हा सांगायला आली तर म्हटलं, चार अक्षरं शिकली की माणूस आईलाही ओळखेनासा होतो. तिने दोन महिन्यांत सामान बांधलं. मी स्टेशनवर गेले नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणत होती गं ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "जळते."

हे तेवढ्यावर निश्चिंत झाले आणि तसेच निश्चिंत गेले. पण मी? मी दर वर्षी जाऊन आमच्या रीतीप्रमाणे आईच्या दगडावर खडा ठेवत आले, आणि दर वर्षी खडा ठेवताना मनात यायचं, खरं बोलली असेल तर? पुढे वाचता येणारी माणसं गावात आली, गेली. एकालाही मी कधी हाताला धरून तिथे नेलं नाही. बघणारे गप्प व्हावेत म्हणून अक्षरं कोरून घेतली आणि स्वतःच त्यांना घाबरून राहिले. आज मास्तरांना एवढ्या तोऱ्यात घेऊन गेले ते काय होतं? मला वाटतं, पोरीच्या निमित्ताने एकदाचं कळून घ्यायचं होतं. किंवा फुशारकीच असेल. या वयात दोन्हींतला फरक कळत नाही.

*

साडेचारला दातवाली वर आली. खिडकीशी माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. तिला सगळं कळलेलं होतं. या घरात भिंती पातळ आणि माणसं त्याहून पातळ.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"कशाला?"

"डावीकडे घासतेय ना कवळी? सकाळपासून जबडा वाकडा धरून बसली आहेस."

"तो कवळीमुळे नाही."

"बरं." तिने गुडघ्यावर हनुवटी टेकली. "आजी, फोन करू नकोस. खरंच. मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन."

"आणि नोकरी?"

"ती दुसऱ्या कुणाला देतील. मिळेल आणखी एखादी."

"मिळेल का?"

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिच्या बापाकडचा दोष. "अवघड आहे," ती म्हणाली. "तिथे ते मला शिकवणारही होते. नुसत्या कवळ्या नाही, अख्खा जबडा बसवायला. अपघातातल्या माणसांचे. पण तू कुणाच्या पाया पडून मला पाठवावंस असं मला नकोय."

"मी कुणाच्या पाया पडते? ती माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे."

"तेच म्हणतेय."

मला काय करायचं होतं? काहीच नाही. हातावर हात ठेवून फक्त दीड तास बसायचं. सूर्य आपला आपण खाली जाणार होता, मास्तर फाइल बंद करणार होते. पोरगी घरात राहत होती आणि माझं नाकही जागच्या जागी. कुणी मला बोललंही नसतं. उलट लेक माझ्या गळ्यात पडून रडली असती. असा सौदा आयुष्यात फार वेळा चालून येत नाही, आणि मी त्याच्याकडे चांगली पाच मिनिटं बघत बसले, हे लपवत नाही.

मग मी त्या पोरीच्या हातांकडे पाहिलं. फाइल खाली ठेवली होती तरी बोटं तशीच, काहीतरी धरल्यासारखी. ती मला सोडवत होती. मी चौतीस वर्षं स्वतःला सोडवत आले होते, मला ते काम ओळखू येतं.

"तुझ्या आईला बोलव," मी म्हटलं. "नंबर लावायला सांग. आणि बाकीच्यांना म्हणावं, दाराबाहेर उभं राहून ऐकू नका, आत येऊन बसा. दार मोडेल."

चौघंही आली. थोरला दगडाच्या धुळीने पांढरा झालेला, तसाच. सूनबाईने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, जशी काही माझी शस्त्रक्रिया होणार आहे. लेकीने नंबर लावला आणि मला न विचारता आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"हां, बोल गं," तिकडून आवाज आला. म्हातारा झाला होता. माझ्या आईचाच आवाज, वर थोडी परकी धूळ.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"मी कोण?"

"तुझी ताई."

"मला एक ताई होती. ती बोलत नाही."

सूनबाईने ओठ घट्ट मिटले. मी तिच्याकडे बघितलं, तशी ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"बोलतेय ती आता," मी म्हटलं. "ऐक. दगड आईचा नाही. एका सुताच्या व्यापाऱ्याचा आहे. बावीस वर्षांचा. अविवाहित."

"गुणी," धाकटी म्हणाली. "गुणी राहिलं. तिसऱ्या ओळीत आहे."

"तुला पाठ आहे?"

"ताई, मी त्या पोराला चौतीस वर्षं ओळखते. तुझ्यामुळे."

मी पाणी प्यायले. "तू तेव्हा सांगितलंस ते खरं होतं. मला तेव्हाच वाटलं होतं खरं असेल. म्हणून ओरडले."

थोरला पुढे वाकून फोन तुटला का ते बघायला लागला, त्याला मी हाताने मागे ढकललं.

"आपण ओळखलंय हे भावजींना कळलं का कधी?" तिने विचारलं. आवाज बदलला होता.

"नाही. मी कळू दिलं नाही."

"बरं केलंस." मग नाक ओढल्याचा आवाज. "टवकासुद्धा कोरला होता गं त्यांनी. मी तेव्हा मागे जाऊन बघून आले होते. तुला तेच सांगायला आले, की कुणाची चूक नाही, केवढ्या मन लावून केलंय बघ. तू मला सांगूच दिलं नाहीस."

मी चौतीस वर्षं समजत होते की ती ह्यांना नावं ठेवत होती.

"आता कागद माग," धाकटी म्हणाली. लगेच पहिल्यासारखी. "नीट माग."

"आईच्या लग्नाचा कागद पाठव."

"नीट."

"पाठव गं बाई. पोरीला तुझ्या पदरात टाकतेय, अजून काय नीट?"

दातवालीचा फोन टिंग वाजला. तिने बघितलं. तिची आई तिच्या खांद्यावरून वाकली, सूनबाई आईच्या खांद्यावरून, आणि तिघी एकदम रडायला लागल्या. कोपऱ्यातल्या खोलीवर डोळा ठेवून असलेल्या बाईने सगळ्यांत मोठ्याने रडावं, हे माझ्या सुनेलाच जमतं. थोरल्याने रडारडीत वेळ घालवला नाही. "चल, गाडी काढतो," तो दातवालीला म्हणाला. तिला त्या देशात पोचवायची घाई आता सगळ्यांत जास्त त्यालाच. जिन्यावरून दोघं उतरली, गाडीचं दार आपटलं, आणि दिवे लागायला पंचवीस मिनिटं असताना मास्तरांनी माझ्या आईचं नाव फाइलमध्ये लिहिलं. हिब्रूत एकदा आणि आपल्या लिपीत एकदा. दोन्ही लिहावं लागतं म्हणे.

इकडे फोन टेबलावर तसाच चालू होता.

"गेली का पोरगी?" धाकटीने विचारलं.

"गेली."

"मी घ्यायला जाईन तिला विमानतळावर. तिला जेवायला काय लागतं?"

"तिखट चालत नाही. आणि सकाळी तिच्याशी बोलायचं नाही, चावते."

"तुझ्यावर गेलीय."

"तुझ्यावर. मी कुठे गेले कधी?"

ती हसली. लहानपणी हसायची तशीच, मध्येच श्वास अडकून. लेक आत दिवे मांडत होती. बोलता बोलता खिडकीतलं ऊन भिंतीवरून छताकडे सरकलं होतं.

"ठेव आता," मी म्हटलं. "माझ्याकडे दिवे लावायची वेळ झाली."

"मग तू ठेव. माझ्याकडे अजून ऊन आहे."

"मी कशी ठेवू? फोन मी केला होता."

"केलास ना तू? मग ठेवायचाही तूच."

"लहान कोण आहे दोघींत?"

"तेच म्हणते, मोठेपणा दाखव."

"आई, पाच मिनिटं राहिली," लेक आतून ओरडली.

"ऐकलंस?" मी फोनला म्हटलं. "दिवे लागल्यावर फोन चालत नाही. माझा शब्बाथ मोडेल तुझ्यामुळे."

"मोडू दे. मग तेही माझ्या नावावर घाल."

लेकीने काडी पेटवली. मी फोनवर हात ठेवला, बंद करायला म्हणून ठेवला, आणि ती पलीकडून काय करतेय ते ऐकत राहिले. ती तिच्या घरात भांडी लावत होती. एकेक भांडं उचलून ठेवत होती, न बोलता, पण फोन काही ठेवत नव्हती.